सिनेमावरचा रहस्यमय बोर्डगेम खरंच भीतीदायक आहे का? विकत घेण्याआधी असं तपासा

डब्यावर ओळखीच्या सिनेमाचं नाव, धुक्यात बुडालेला वाडा, खिडकीत एक सावली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात वयाचा आकडा. एवढ्यावरून ठरवायचं असतं, की घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला हा खेळ झेपेल का. कधी प्रश्न उलटाही असतो. मित्रमंडळींना चांगलं घाबरायचं आहे, पण हा खेळ अंगावर काटा आणेल की नुसतंच कोडं निघेल, याची शंका असते. दोन्ही प्रश्न सोडवायची पद्धत एकच आहे. बोर्डगेममधली भीती चित्रांतून थोडी आणि नियमांतून खूप येते. कोणाला काय माहीत नाही, कोणी बोलायचं नाही, पकडले गेलो तर पुढे काय, हे सगळं नियमच ठरवतात. म्हणून डबा कमी बघा आणि नियमपुस्तिका जास्त वाचा. बऱ्याच प्रकाशकांच्या वेबसाइटवर ती मोफत मिळते, त्यामुळे खरेदीआधीच हे काम उरकता येतं.

पहिली पायरी: कोणासाठी आणि कसली भीती?

"भीतीदायक आहे का?" हा प्रश्न तसाच विचारला तर उत्तर मिळत नाही, कारण प्रत्येक वयाची भीती वेगळी असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधक जोआन कँटर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती या विषयावर बरीच वर्षं काम केलं. लहान मुलं मुख्यतः दिसण्याला घाबरतात, असं त्यांच्या अभ्यासात आढळलं. हिरवा, अजस्र हल्क चांगल्या बाजूचा असला तरी शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलांना त्याचीच भीती वाटायची. मूल मोठं होतं तसं दिसण्याचं महत्त्व कमी होतं आणि 'हे खरंच घडू शकतं का' हा विचार जास्त छळू लागतो.

हे खेळाला लावून बघा. सहा वर्षांच्या मुलासाठी सोंगट्या आणि कार्डांवरची चित्रं बघायची. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी गोष्टीत काय होतं ते बघायचं: घरात कोणी शिरतं का, कोणी हरवतं का, आई-वडिलांपैकी कोणाला काही होतं का. मोठ्यांना सुळे दाखवणारा राक्षस बहुधा गमतीचा वाटतो. शेजारी बसलेला मित्र आपल्याशी खोटं बोलतोय, ही शंका मात्र त्यांना खरोखर अस्वस्थ करते.

आणखी एक गोष्ट आत्ताच विचारून घ्या: खेळणाऱ्यांनी मूळ सिनेमा पाहिला आहे का? सिनेमावरच्या खेळातली बरीचशी भीती उधारीची असते. ज्याने सिनेमा पाहिला आहे, त्याला पटावरच्या एवढ्याशा सोंगटीतही तो सगळा प्रसंग दिसतो. ज्याने पाहिलेला नाही, त्याच्यासाठी तो प्लास्टिकचा तुकडा असतो. त्यामुळे एकाच टेबलावर एकाला घाम फुटतो आणि दुसरा जांभई देतो.

दुसरी पायरी: सिनेमाचं प्रमाणपत्र बाजूला ठेवा

सिनेमाचं रेटिंग खेळाला लावण्याची चूक फार जण करतात. उदाहरण घ्या. १९७५चा 'जॉज' अमेरिकेत पीजी रेटिंगने, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघावा अशा शिक्क्याने, प्रदर्शित झाला. तेरा वर्षांखालच्यांसाठी जास्त सावधगिरी सांगणारा पीजी-१३ हा वर्ग तेव्हा नव्हताच, तो १९८४ साली आला. १९७९च्या 'एलियन'ला आर रेटिंग होतं, म्हणजे तिथे सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबरच बघता येईल असं. पण रॅव्हन्सबर्गर या प्रकाशकाने या दोन्हींवर बोर्डगेम काढले, तेव्हा २०१९च्या 'जॉज'वर वय १२ पासून पुढे छापलं आणि २०२१च्या 'एलियन: फेट ऑफ द नॉस्ट्रोमो'वर १० पासून पुढे. जास्त कडक रेटिंगच्या सिनेमाचा खेळ कमी वयाला चालतो, असं उलटंच चित्र दिसलं. यात गफलत काही नाही. सिनेमातला थरार कॅमेरा, आवाज आणि रक्त यांवर उभा असतो. खेळात त्यातलं काही येतं, काही येत नाही, आणि काय आणायचं हे खेळ रचणारा ठरवतो.

पालकांनी मात्र पुढचा विचार करून ठेवावा. खेळ आवडला की मूल सिनेमा बघायचा हट्ट धरतं. दहा वर्षांच्या मुलाला खेळ देताना तो सिनेमा अजून काही वर्षं दाखवायचा नसेल, तर त्याचं उत्तर आधीच तयार हवं.

तिसरी पायरी: वयाचा आकडा कुठून आला ते समजून घ्या

डब्यावरचा आकडा म्हणजे भीतीचं मोजमाप नव्हे. त्यात नियम किती अवघड आहेत, वाचायला किती आहे, सुटे भाग किती बारीक आहेत, हे सगळं मिसळलेलं असतं. कायद्याचाही त्यात हात असतो. युरोपियन युनियनच्या २००९च्या खेळणी सुरक्षा निर्देशात १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठीची वस्तू 'खेळणं' धरली आहे. अमेरिकेच्या २००८च्या कायद्यानुसार मुख्यतः १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या वस्तूंची स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. त्यामुळे एखाद्या साध्यासुध्या खेळावर १४ छापलेलं दिसलं, तर त्यात काहीतरी भयंकर आहे असा अर्थ लगेच काढू नका.

८ किंवा १० असा आकडा असेल तर प्रकाशकाने मुलांचा विचार केला आहे, एवढं नक्की धरता येतं. १७ किंवा १८ असेल तर तो बहुतेक आशयामुळेच असतो आणि तो गंभीरपणे घ्यावा. १२ ते १४च्या पट्ट्यात आकडा काहीच सांगत नाही. तिथे पुढच्या पायऱ्या कराव्याच लागतात.

चौथी पायरी: चित्रं, पण डब्याच्या आतली

डब्यावरचं चित्र विक्रीसाठी असतं. खेळताना दीड तास डोळ्यांसमोर राहतात ती कार्डं, पट आणि सोंगट्या. त्यांचे फोटो शोधा आणि तीन गोष्टी बघा. रक्त किंवा जखमा दिसतात का? चेहरे सिनेमातल्या नटांचे हुबेहूब फोटो आहेत की रेखाटलेले? भीतीचं दृश्य एखाद्या कार्डावर आहे की पटावर कायम? सिनेमातली खरी छायाचित्रं वापरलेला खेळ रेखाटलेल्यापेक्षा नेहमीच जास्त अंगावर येतो. लहान मुलांच्या बाबतीत मी एवढ्या एका कारणावरून खेळ नाकारेन.

पाचवी पायरी: नियमपुस्तिकेला विचारायचे प्रश्न

खरी तपासणी इथे होते, म्हणून इथे वेळ द्या. पुस्तिका पूर्ण समजायला हवी असं नाही. पुढच्या गोष्टी शोधत वाचली तरी पुरे.

आधी बघा, धोका घडून गेला आहे की पुढे घडणार आहे. 'क्लूडो'त खून आहे, दोर आहे, सुरा आहे, पिस्तूल आहे. तरीही आठ वर्षांची मुलं तो हसत खेळतात. अँथनी प्रॅट या इंग्रज गृहस्थाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रचला आणि १९४९ साली वॉडिंग्टन्सने बाजारात आणला. त्यात सहा संशयित, सहा शस्त्रं आणि नऊ खोल्या आहेत, म्हणजे शक्यता ३२४. खेळ सुरू होतो तेव्हा माणूस मेलेला असतो, त्यानंतर कोणालाही काही होत नाही आणि तुमच्या हातात असतो एक कागद, ज्यावर फुल्या मारत जायचं. इथे उत्सुकता आहे, भीती अजिबात नाही. १९८५ साली त्यावर सिनेमा निघाला तोही विनोदी अंगाचा, आणि वेगवेगळ्या चित्रपटगृहांत त्याचे तीन वेगवेगळे शेवट दाखवले गेले. एखाद्या भयपटाच्या नावाखाली हीच रचना विकत असतील, म्हणजे संशयित बदलले, खोल्या बदलल्या आणि बाकी सगळं तेच, तर भीती फक्त कपड्यांत आहे असं समजा. घाबरायला आलेले मित्र नाराज होतील, घाबरट मूल मात्र मजेत खेळेल.

मग शोधा, पकडलं गेल्यावर काय होतं. पुस्तिकेत हा परिच्छेद सापडला की अर्धं उत्तर मिळालंच. 'एलियन'च्या खेळात यानावरच्या काही खोल्यांत पालथी टोकनं ठेवलेली असतात. तुम्ही खोलीत पाऊल टाकता आणि टोकन उलटता. ते कोरं निघू शकतं, त्यात मांजर निघू शकते किंवा सिनेमातला तो परग्रहावरचा प्राणी. तो निघाला तरी तुमचं पात्र मरत नाही. सगळ्यांचं मिळून असलेलं मनोधैर्य घटतं आणि तुम्हाला तिथून पळ काढावा लागतो. म्हणजे टोकन उलटण्याच्या त्या क्षणी पोटात गोळा येतो, पण कोणी खेळाबाहेर जाऊन कोपऱ्यात बसत नाही. १० वर्षांचा आकडा मला याच कारणाने पटतो. २०१९च्या 'होरिफाइड'मध्येही तसंच आहे. ड्रॅक्युला, ममी, अदृश्य माणूस वगैरे युनिव्हर्सलच्या जुन्या भयपटांतली मंडळी गावात फिरत असतात. नायक हरला तर तो इस्पितळात जातो, गावातल्या दहशतीचा काटा एक घर पुढे सरकतो आणि पुढच्या पाळीला तोच नायक परत खेळात असतो. इस्पितळ हा शब्दच किती धीर देतो बघा. याउलट पात्र कायमचं मरतं आणि खेळाडू बाहेर होतो असं लिहिलेलं असेल, तर प्रत्येक पाऊल जड होतं. मोठ्यांना ते हवं असतं. लहान मुलाला ती शिक्षा वाटते, आणि बाहेर बसून बाकीच्यांचे किंचाळण्याचे आवाज ऐकताना ते जास्तच घाबरतं.

तिसरा प्रश्न गद्दाराचा, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षिलेला. आपल्यातलाच एक शत्रू आहे, हा नियम असलेला खेळ चित्रांशिवायही भेदक होऊ शकतो. 'द थिंग: इन्फेक्शन ॲट आउटपोस्ट ३१' हा 'द थिंग' या भयपटावरचा २०१७चा खेळ पूर्णपणे यावर उभा आहे. बर्फातल्या एका तळावरच्या माणसांपैकी कोणीतरी आता माणूस राहिलेला नाही, आणि शेवटी सुटकेच्या हेलिकॉप्टरमध्ये कोणाला बसवायचं ते ठरवायचं असतं. सगळे एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत असतात, हसू येतं आणि अर्ध्यावर थांबतं. मुरलेल्या मित्रांसाठी याहून चांगली भीती नाही. पण ज्या मुलाला खोटं बोललेलं सहन होत नाही किंवा जे आरोप झाला की रडवेलं होतं, त्याच्यासाठी हा प्रकार कुठल्याही भुतापेक्षा वाईट.

गद्दार असला तरी तो कसा येतो हेही बघायचं. २००४च्या 'बिट्रेयल ॲट हाउस ऑन द हिल'मध्ये सुरुवातीला सगळे मिळून वाड्याच्या खोल्या उघडत जातात. मग एका क्षणी फासे पडतात आणि पन्नासपैकी एक कथानक सुरू होतं. बहुतेक वेळा एक जण फितूर होतो, त्याची वेगळी पुस्तिका घेऊन दुसऱ्या खोलीत जातो आणि बाकीचे कुजबुजत आपला बेत आखतात. त्याच रचनेवर २०२०मध्ये 'स्कूबी-डू: बिट्रेयल ॲट मिस्ट्री मॅन्शन' निघाला. त्यात पंचवीस कथानकं आहेत, कार्टूनमधली ओळखीची गंमतशीर पात्रं आहेत आणि डाव आटोपशीर आहे. मूळ खेळ १२ वर्षांपासून पुढे, स्कूबी ८ पासून. सांगाडा तोच असताना भीती कशी खाली आणतात हे बघायचं असेल तर या दोन पुस्तिका शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीत वाड्यात काय घडतंय ते कळलं की अंग आकसतं. दुसरीत राक्षस म्हणजे शेवटी एक पात्रच आहे हे मुलांना आधीपासून ठाऊक असतं.

चौथी गोष्ट म्हणजे लपलेली हालचाल. 'जॉज'मध्ये एक जण शार्क असतो. तो कुठे पोहतोय हे गुपचूप कागदावर लिहून ठेवतो, पटावर त्याचा पत्ताच नसतो. बाकीचे पाण्यात पिंपं सोडतात आणि एखादं वाजलं की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. दिसत नाही पण आहे, ही जाणीव जिथे नियमातच बसवलेली असते तिथे ताण नक्की असतो. चित्रं कितीही साधी असोत. गंमत म्हणजे शार्क खेळणाऱ्याला अजिबात भीती वाटत नाही. घाबरट मुलाला ती जागा द्या, त्याला बळ मिळतं.

शेवटी घड्याळ आणि बोलण्याची बंदी. 'मिस्टेरियम' सिनेमावरचा नाही, पण उदाहरण म्हणून उत्तम आहे. त्यात एक जण भूत होतो. भुताला बोलता येत नाही, आपला खून कोणी केला हे ते फक्त स्वप्नांची चित्रकार्डं देऊन सुचवतं. खोलीतली ती शांतता वातावरण भारून टाकते, तरीही कोणावर हल्ला होत नाही. अशा खेळाला मी गूढ म्हणेन, भीतीदायक नाही. वाळूचं घड्याळ मात्र भीतीपेक्षा धांदल वाढवतं. काही मुलांना नेमकी तीच सोसत नाही.

सहावी पायरी: कार्डांवरचा मजकूर वाचा, निदान थोडा

नियम सौम्य आणि मजकूर भयंकर, अशी जोडी बऱ्याचदा सापडते. एखाद्या व्हिडिओत खेळाडू कार्ड वाचून दाखवत असतील तर कान देऊन ऐका. वाक्य 'तुम्ही' करून बोलतं का? 'तळघरात कोणीतरी होतं' आणि 'तुमच्या मानेवर श्वास जाणवतो' यांत फार अंतर आहे. लहान मुलांचा, प्राण्यांचा, आत्महत्येचा किंवा छळाचा उल्लेख येतो का, हेही इथेच कळतं, आणि ते डब्यावर लिहिलेलं नसतं. एकदाच सोडवता येणारा रहस्यखेळ असेल, तर वाचायचं काम अशा माणसावर सोपवा जो स्वतः खेळणार नाही. त्याला एवढंच सांगा: उत्तर सांगू नकोस, त्रासदायक काही असेल तर सांग.

सातवी पायरी: आवाज आणि पडदा

खेळाबरोबर ॲप, ध्वनिफीत किंवा व्हिडिओ असेल तर तुमचा अंदाज एक पायरी वर न्या. कार्ड आपण आपल्या गतीने उलटतो. आवाज मात्र सांगून येत नाही. १९९१ साली ऑस्ट्रेलियात निघालेल्या 'नाइटमेअर' या खेळाने, जो पुढे 'ॲटमॉसफिअर' म्हणून ओळखला गेला, हे फार लवकर ओळखलं. त्यात व्हिडिओ कॅसेट लावायची आणि साठ मिनिटं घड्याळ उलटं चालायचं. मधेच झग्याची टोपी डोक्यावर ओढलेला 'गेटकीपर' नावाचा माणूस पडद्यावर येऊन खेळाडूंवर ओरडायचा, हुकूम सोडायचा. पट आणि सोंगट्या साध्याच होत्या, मुलांच्या लक्षात राहिला तो ओरडणारा माणूस. आजच्या ॲपवाल्या खेळांतही हेच तपासायचं: आवाज बंद करून खेळता येतो का? येत असेल तर भीतीची चावी तुमच्या हातात आहे.

आठवी पायरी: एक फेरी स्वतः खेळून बघा

मुलांसमोर डबा उघडण्याआधी मोठ्यांनी एकदा मांडून दोन-तीन पाळ्या खेळाव्यात. पूर्ण डाव लागत नाही. लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा: कार्ड उलटण्याआधी हात थबकतो का? थबकला तर खेळात ताण आहे. थबकला नाही आणि सगळे आकडेमोड करत बसले, तर पट कितीही काळा असो, तो कोड्याचा खेळ आहे. हे दिव्याखाली, दुपारी करा. अंधारात मेणबत्ती लावून कुठलाही खेळ भीतीदायक वाटतो, आणि तपासायचा आहे तो खेळ.

भीती कमी-जास्त कशी करायची

निकाल अधेमधे लागला तर खेळ टाकून द्यायची गरज नाही. भीती कमी करायची असेल तर सगळे एकाच बाजूने खेळतील असा प्रकार निवडा, मोठ्याने आधी वाचून सर्वांत तिखट कार्डं बाजूला काढा, मजकूर मोठ्याने न वाचता फक्त परिणाम सांगा आणि बाद होण्याचा नियम असेल तर त्याऐवजी एक पाळी चुकवायला लावा. मुलाला 'थांबूया' म्हणायची मुभा खेळ सुरू होण्याआधीच द्या. नंतर दिली तर कमीपणा वाटतो म्हणून ते बोलत नाही, आणि रात्री झोपताना उलगडा होतो.

वाढवायची असेल तर दिवे मंद करा, एकाच माणसाला सावकाश वाचायला सांगा आणि पालथं टोकन उलटणाऱ्याने ते आधी एकट्याने बघून मग दाखवावं असा नियम करा. फोन बाजूला ठेवणं हे या सगळ्यांहून जास्त कामाचं. गप्पा आणि स्क्रीन चालू असताना कोणताही ताण टिकत नाही.

वय फार वेगवेगळं असेल, म्हणजे एका टेबलावर आठ वर्षांचा भाऊ आणि सोळा वर्षांची बहीण असेल, तर गद्दाराचे खेळ सोडून द्या आणि राक्षस किती घ्यायचे ते निवडता येईल असा, सगळ्यांनी एकाच बाजूने खेळायचा खेळ बघा. 'होरिफाइड'मध्ये पहिला डाव दोनच राक्षसांनी मांडता येतो. धाकट्याला त्यातल्या एकाची पुढची चाल वाचून दाखवायचं काम द्या, दुसरा ताईकडे. राक्षस आपल्याच हातांनी सरकतोय हे दिसल्यावर धाकटा तिसऱ्याची मागणी स्वतःहून करेपर्यंत तिसरा डब्यातच राहू द्या.